अष्टमीची भरती

बाबा, तुमच्या मोठ्या वहीच्या शेवटी काही पानं कोरी राहिली होती, त्यांतलं पहिलं आज मी घेतलं आहे. विचारायला तुम्ही नाही, म्हणून न विचारता. असता तर आधी समास सोडलाय का ते पाहिलं असतं आणि मग पेनाची निब. समास सोडलाय. निबचं विचारू नका, माझ्या बोटांना हल्ली बॉलपेनच बरं पडतं. झालंय असं की आपल्या मराठी मंडळाची या वर्षी स्मरणिका निघते आहे आणि त्यांना तुमचं लिखाण छापायचं आहे. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली. त्याआधीची सहा वर्षं तुम्ही या वहीला हातही लावला नव्हता. आता मंडळात कुणी नवा सेक्रेटरी झालाय, त्याला कळलं की रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात एक ट्रेसर राहायचे आणि त्यांनी समुद्राकाठच्या एका लहानशा गावाचा अख्खा इतिहास लिहून ठेवलाय. तो घरी आला, चहा प्याला, 'दीदी, ये तो धरोहर है' म्हणाला. मला एकदम राग आला. इतकी वर्षं कुठे होतात, असं विचारावंसं वाटलं. पण त्या बिचाऱ्याचा काय दोष, तो तेव्हा शाळेत जात असेल. मी वही दिली नाही, टाइप करून देते म्हटलं. आणि तेव्हापासून एका ओळीपाशी अडकून बसले आहे. कोणती ओळ ते तुम्हाला ठाऊक आहे. तिच्यामुळेच तुम्ही लिहिणं सोडलं.

टाइप भाची करते, दादाची धाकटी. तिला मराठी कळतं, पण उत्तर हिंदीतूनच येतं. मी वाचते, ती कॉम्प्युटरवर लिहिते. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, आजोबा वहाँ रहते थे क्या? नाही म्हटलं. पैदा हुए थे? तेही नाही. तो घूमने जाते थे? मी म्हटलं, ते कधी गेलेच नाहीत. तिनं बोटं थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मग तिला पहिल्यापासून सांगावं लागलं. आपल्या आडनावात ते गाव आहे. दोनशे वर्षांपूर्वी आपला कुणी पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर कारकून म्हणून नागपुरास आला, तिथून इकडे छत्तीसगडात, आणि त्यानंतर आपल्यातलं कुणी परत गेलं नाही. गावाचं आपल्याकडे उरलं ते एवढंच, आडनाव आणि कुलदेवीचा वर्षातून एकदा पोस्टानं येणारा अंगारा. ते पाकीट आलं की आई अंगारा देवापुढे ठेवायची आणि तुम्ही पाकिटावरचा शिक्का भिंगातून पाहत बसायचात. सगळं ऐकून भाची म्हणाली, तो ये रिसर्च है. हव, म्हटलं, रिसर्चच आहे.

सिंचन खात्यात तुम्ही ट्रेसर होतात. इंजिनियरनं पेन्सिलीनं काढलेला कालवा ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं उतरवायचा, हे तुमचं काम. ज्या कालव्यांच्या रेघा तुम्ही आयुष्यभर ओढल्या, त्यांतला एकही तुम्ही पाहिला नव्हता आणि त्याची तुम्हाला खंतही नव्हती. कागद बरोबर असला की जागा बरोबर असणारच, असं तुमचं सरळ मत. गावाचंही तुम्ही तसंच धरलंत. एका जुन्या सरकारी पुस्तकातून त्या गावाबद्दलचं अर्धं पान उतरवून घेतलंत आणि तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांना जोडकार्ड टाकलंत. जोडकार्ड म्हणजे काय, तेही भाचीला सांगावं लागलं. एक कार्ड आपल्या प्रश्नांचं, त्यालाच जोडलेलं दुसरं कोरं, उत्तरासाठी, आपलाच पत्ता घातलेलं. उत्तर आलं. मास्तर तेव्हा रिटायर व्हायला टेकले होते आणि त्यांनाही कुणीतरी विचारायला हवंच होतं बहुतेक. मग जे सुरू झालं ते सत्तावीस वर्षं चाललं. तुमचे प्रश्न तरी कसे! जेट्टीला पायऱ्या किती. किल्ल्याचा दरवाजा कोणत्या दिशेला. कोळीवाड्यातून देवीच्या देवळाकडे जाताना विहीर डाव्या हाताला की उजव्या. मिठागरं बंद का पडली. मास्तर जाऊन पाहायचे, मोजायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारायचे आणि बारीक अक्षरात कार्ड गच्च भरून पाठवायचे.

आईनं थट्टा करायची एकही संधी सोडली नाही. पोस्टमन येऊन गेला की स्वयंपाकघरातून विचारायची, आला का समुद्र? एकदा मास्तरांनी आमसुलांचं पार्सल पाठवलं. आई वर्ध्याकडची, तिच्या लेखी आंबट म्हणजे चिंच. तिनं पुडी सोडली, एक आमसूल चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात पाहिलं आणि म्हणाली, "हे काय पाठवलं तुमच्या मास्तरानं? जुन्या चपलेचं चामडं दिसून राहिलं." तुम्ही कार्डावरची कृती वाचून दाखवलीत, तिनं नाक मुरडत सार केलं. तुम्ही पाटावर बसला आहात. वाटी तोंडाला लावून डोळे मिटता. मी आणि दादा घास हातात धरून तुमच्याकडे पाहतो आहोत, आता हे काहीतरी मोठं बोलणार. तुम्ही डोळे उघडता आणि म्हणता, मीठ कमी आहे. आई पदर तोंडाला लावून किती वेळ हसत होती. तिचं तसं हसणं मला त्यानंतर फारसं आठवत नाही. पुढे दोनच वर्षांत ती गेली, दादा नोकरीसाठी भिलाईला गेला आणि घरात आपण दोघं राहिलो, ते शेवटपर्यंत.

पण मी तेराची होते तेव्हा हे सगळं पुढे होतं. त्या वर्षी तुम्ही मला लेखनिक केलंत. सदर बाजारातून पेन आणलंत, काळं, सोनेरी टोपणाचं. दादाला नाही, मला. माझी शाळा हिंदी. लिहायचं मराठी मी शिकले ते तुमच्या या वहीतच, म्हणून आजही लिहिताना माझ्या हातून 'असून' आणि 'नसून' फार पडतात. तुमचं अक्षर ट्रेसरचं, एकेक सुटं, नकाशावर घालायचं. पुस्तकाचं अक्षर धावतं असावं, असा तुमचा आग्रह. पद्धत ठरलेली होती. तुम्ही कच्च्या कागदावर मजकूर लिहायचात आणि जिथे मास्तरांची माहिती यायची तिथे 'येथे कार्ड' असं लिहून लाल पेन्सिलीनं त्याचा नंबर टाकायचात. मी गठ्ठ्यातून ते कार्ड काढायचं आणि त्यातलं नीट वाक्यात बसवून पक्क्या वहीत उतरवायचं. वहीत गेलं की कार्ड परत गठ्ठ्यात. मग तुम्ही ते पुन्हा काढत नव्हतात. वहीच माझं डोकं आहे, म्हणायचात. एकदा मी त्या विहिरीला डाव्याची उजवी केली, तर तुम्ही जेवणावरून उठलात. "काहून घाई करून राहिली? उद्या कोणी तिथं पाण्याले गेला अन् विहीर सापडली नाही तं?" मला हसू आलं होतं. रायपूरहून कोण जाणार होतं तिथे पाणी भरायला?

रविवारी संध्याकाळी तुम्ही मला बूढा तालाबला न्यायचात. काठावरच्या दगडावर बसून दाखवायचात. समज, ही खाडी. ते पलीकडचं झाड म्हणजे किल्ल्याचा बुरूज. इथून वाळूचा दांडा सुरू होतो, आणि त्याच्या पलीकडे खरा समुद्र. मग तुम्ही बोलत राहायचात आणि मला ते सगळं दिसायचं. पूर्वी त्या खाडीत दूरदूरची गलबतं येत. मीठ, नारळ, सुंभ घेऊन जात, धान्य आणि कापड आणत. जकातीचं नाकं होतं, त्याच्या मागे कोठारं. फौजा आल्या, किल्ला या हातातून त्या हातात गेला, पण बाजार भरत राहिला. पुढे आगबोट येऊ लागली, तेव्हा गावात पहिल्यांदा घड्याळ बघायची सवय लागली, असं मास्तरांनी कळवलं होतं आणि तुम्हाला ते फार आवडलं होतं. मग खाडी गाळानं भरत गेली. आगबोट थांबायची बंद झाली, रस्ता आला तो गावाला वळसा घालून, आणि माणसं एकेक करून मुंबईकडे निघून गेली. हे सांगताना तुमचा आवाज खाली यायचा, जसं काही आपल्या समोरच घरं बंद होताहेत. शेजारी कुणी भेळ खात असायचं, पोरं पाण्यात दगड मारत असायची. तुम्हाला रायपुरात त्या गावाबद्दल बोलायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं सगळेच वडील असे बोलतात.

मग छत्तीसगड वेगळं राज्य झालं. रायपूर राजधानी झाल्याचं सांगण्यात आलं आणि शहराची जी धांदल उडाली ती तुम्ही पाहिलीत. जुन्या दवाखान्यात मंत्रालय थाटलं, भोपाळहून ट्रक भरभरून फाइली आल्या, गठ्ठे व्हरांड्यात पडले, लाल दिव्याच्या गाड्या सदर बाजारात अडकू लागल्या. मला कलेक्टर ऑफिसातून उचलून मंत्रालयात नेलं. चाळिशीची झाले होते, लग्नाचं कुणी बोलायचं बंद झालं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला कामाची म्हणत होतं. आमचे साहेब मराठी होते, तेही कोकण किनाऱ्यावरचे. त्यांचं बोलणं तुमच्या वहीसारखं होतं. त्यांच्यासमोर मी 'मले'चं 'मला' करून बोलायचे, चुकलं तर कानापर्यंत लाल व्हायचे. एकदा बोलता बोलता मी त्यांना म्हणाले, आम्हीही मूळचे तिकडचेच, माझे वडील त्या गावावर पुस्तक लिहिताहेत. मूळचे म्हणजे किती मूळचे, ते नाही सांगितलं. ते खूश झाले. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये तुमचं भाषण होतं, दरवर्षी असायचं तसं, आणि मी साहेबांना घेऊन आले. पहिल्या रांगेत बसवलं. त्यांच्या शेजारी मी.

तुम्ही छान बोलत होतात, बाबा. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. पांढऱ्या शर्टावर कोट, मागे तुम्हीच काढलेला नकाशा. खाडी कशी वळते ते तुम्ही हातानं दाखवलंत. आणि मग म्हणालात, या गावी भरती रोज सकाळी सहाला व संध्याकाळी सहाला येते, तिच्यावर सारा गाव उठतो आणि दिवा लावतो. साहेब उठून उभे राहिले. अगदी अदबीनं. "काका, रोज सहाला कशी येईल? रोज पाऊण तास पुढे सरकते ती." तुम्ही गोंधळला नाहीत. वही उघडलीत, पान काढलंत, ओळ वाचून दाखवलीत. "लिहिलेलं आहे," म्हणालात. मागून कुणीतरी म्हणालं, काका, समुंदर है, निगम का नल थोड़ी है. सगळा हॉल हसला. साहेबही हसले, वाईट मनानं नाही. तुम्ही पुन्हा वहीत पाहिलंत, मग मान वर करून माझ्याकडे. अक्षर माझं होतं ना. मला वाटलं साहेब आता माझ्याकडे बघतील. मी उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही समुद्र पाहिलेला नाही. बसा आता." 'पायला' नाही म्हणाले, 'पाहिलेला' म्हणाले. इतकं स्वच्छ बोलले.

तुम्ही बसलात. नकाशाच्या टाचण्या नंतर मंडळाच्या शिपायानं काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा तुम्ही जमिनीवर कार्डांचे सगळे गठ्ठे सोडून बसला होतात. मी चप्पल घालता घालता थांबले. तुम्ही वर पाहिलंत आणि विचारलंत, "डबा घेतला का?" मी हो म्हटलं आणि गेले. संध्याकाळी आले तेव्हा गठ्ठे बांधून लोखंडी पेटीत गेले होते, वहीही. ज्या टेबलावर तुम्ही लिहायचात त्यावर भाजी निवडून ठेवलेली होती. त्यानंतर मास्तरांची दोन कार्डं आली. तुम्ही वाचलीत, पण उत्तर टाकलं नाहीत. सहा वर्षं आपण दोन खोल्यांत राहिलो, बाबा. तुम्ही रोज डब्याचं विचारलंत. औषधांचं बोललो, गॅस सिलिंडरचं बोललो, राजधानी शहराबाहेर जाणार म्हणून वाद घातले. गावाचं नाव तुम्ही काढलं नाहीत आणि मीही नाही. त्या सहा वर्षांत मी जितकी एकटी होते तितकी तुम्ही गेल्यावरही झाले नाही.

गेल्या हिवाळ्यात टाइप करता करता भाची त्या ओळीपाशी आली. तिनं मोबाइलवर पाहिलं आणि म्हणाली, आत्या, ये तो गलत है. मी म्हटलं, थांब. पेटी काढली. नंबर शोधायचीही गरज पडली नाही, बाबा. ते कार्ड आपल्या गठ्ठ्यात, आपल्या जागी नव्हतं. सगळ्यात वर होतं. मास्तरांचं बारीक अक्षर. 'आज अष्टमी. पूर्ण भरती सकाळी सहाला, तशीच सायंकाळी. रोज पाऊण तास पुढे जाते. तिथीची पाऊणकी करावी म्हणजे वेळ निघते.' चार वाक्यं होती आणि मी वहीत त्यांतलं एकच उतरवलं होतं. आणि ते वर ठेवलं तुम्ही, त्या सकाळी. म्हणजे तुम्ही पाहिलं होतं. चूक कोणाची ते हातात धरून तुम्ही मला डब्याचं विचारलंत. मी भाचीसमोरच रडायला लागले. ती घाबरली, पाणी आणलं, म्हणाली, आत्या, एक लाइन ही तो है.

त्यानंतर मला कागदावर विसंबून काहीच छापायला देववेना. मी गावाला जाऊन आले. आपल्यातून दोनशे वर्षांनी कुणीतरी गेलं, तर ते असं गुडघ्याला पट्टा बांधून, कल्याणपर्यंत रेल्वेनं आणि पुढे दोन एसट्या बदलून. तुमचा नकाशा जवळ होता, पण तो उघडावा लागला नाही. स्टँडवरून उतरले आणि पाय आपोआप वळले. नाक्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, कोठारांच्या जागी लॉज. विहीर डाव्या हातालाच आहे, वर जाळी टाकली आहे. जेट्टीच्या पायऱ्या मी मोजल्या, एकोणीस भरल्या. तुम्ही बावीस लिहिल्यात. मी पुन्हा मोजल्या. तिथे जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, तीन गाळात गेल्या, बाई, बावीसच होत्या. अर्धी घरं बंद. बंद घरांच्या अंगणात नारळ पडून कोंब आलेले. तुम्ही मला बूढा तालाबवर जे सांगायचात ते सगळं तिथे होतं, फक्त सांगणारं कुणी नव्हतं.

मास्तरांचं घर सापडलं. ते केव्हाच गेले. त्यांच्या सूनबाई आहेत, माझ्याहून थोड्या मोठ्या, एकट्याच असतात. रायपूरहून आले म्हटल्यावर त्यांनी मला हात धरून ओटीवर बसवलं. "म्हणजे प्रश्नवाल्यांच्या तुम्ही?" त्या घरात तुम्हाला प्रश्नवाले म्हणायचे, बाबा. तुमचं कार्ड आलं की मास्तर टोपी घालून बाहेर पडायचे, कधी दोन दोन दिवस गावभर विचारत फिरायचे. त्या प्रश्नांनी आमचे मामंजी दहा वर्षं जास्त जगले, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी चहा ओतला आणि कपाकडे बघत विचारलं, "शेवटी कार्डं एकाएकी थांबली हो. मामंजी पोस्टात जाऊन चौकशी करायचे. म्हणायचे, आपल्याकडून काही चुकीचं लिहून गेलं असेल. काय झालं होतं तिकडे?" मी म्हटलं, बाबा आजारी होते. त्या म्हणाल्या, तेच, आम्हालाही तसंच वाटलं. मी कप खाली ठेवला. एका वाक्यानं मी एक म्हातारा गप्प केला असं इतकी वर्षं धरून चालले होते, ते दोन निघाले.

त्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणकी, म्हणजे सहाची पाऊणपट, साडेचार. मी दुपारी एकपासून जेट्टीवर बसून राहिले. चिखलात होड्या आडव्या पडल्या होत्या. पाणी कसं येतं ते मला वाटलं होतं तसं नव्हतं, आवाज नाही, लाट नाही. नुसतं बघता बघता होड्या सरळ झाल्या आणि हलू लागल्या. पाणी चढायचं थांबलं तेव्हा घड्याळात साडेचारला चार-पाच मिनिटं कमी होती. मला तुम्हाला हाक मारावीशी वाटली. आसपास कुणी नव्हतं, मारली असती तरी चाललं असतं, पण मारली नाही.

परत आल्यावर मी टेबल पुसून बसले आणि प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंतचा तक्ता केला. पंधरा ओळी. कार्ड आलं त्याच दिवशी तुम्ही म्हणाला होतात, हे तर पाऊणकीचं काम आहे, आपण तक्ता करू. वहीत ते आलंच नाही, म्हणून पुढे तुम्ही विसरलात. तोच तक्ता. प्रकरणाच्या शेवटी तो जोडला, ओळ दुरुस्त केली. खाली टीप द्यायला हवी असं भाचीचं म्हणणं, नाहीतर जुने लोक म्हणतील की आजोबांनी असं लिहिलं नव्हतं. ती बोटं तयार ठेवून बसली होती. आत्या, क्या लिखूँ, गलती किसकी थी? मी म्हटलं, लिही, मूळ माहिती बिनचूक असून पक्की प्रत करताना लेखनिकाकडून नजरचुकीने तीन वाक्ये गळली. तिनं लिहिलं. फाइल काल मंडळाकडे गेली. आज ती घरी नाही आणि मी ही कोरी पानं काढली आहेत. ही मी कुणाला टाइप करायला देणार नाही.

नजरचूक नव्हती, बाबा. मला पाऊणकीच्या पाढ्याचा कंटाळा होता. तुम्ही तो माझ्याकडून रोज म्हणवून घ्यायचात, आणि ती वाक्यं वहीत गेली की तक्ता मलाच करावा लागणार हे मला माहीत होतं. बाहेर मैत्रीण हाका मारत होती. मी 'रोज सहाला' एवढंच लिहिलं, टिंब दिलं आणि कार्ड गठ्ठ्यात सारलं. तेरा वर्षांच्या पोट्टीनं केलं ते, त्याचं मला आज इतकं वाटत नाही. पण साहेब हॉलमध्ये उभे राहून 'पाऊण तास' म्हणाले, तेव्हाच मला ते कार्ड आठवलं होतं. तुम्ही वही धरून माझ्याकडे बघत होतात, तेव्हा मला सगळं माहीत होतं. तरी मी बसा म्हणाले.